प्लायवुडच्या कारखान्यातून निघालेला हिशेब

कारखान्याचा व्यवस्थापक दिवसभरात जे निर्णय घेतो, त्यांपैकी बहुतेक निर्णय वाटपाचे असतात. कोणते यंत्र कोणत्या कामाला लावायचे, कोणता माल आधी कापायला घ्यायचा, मालगाडी कोणत्या गोदामाकडे धाडायची, कोळसा कोणत्या भट्टीला द्यायचा. हे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने, अंदाजाने आणि पुष्कळदा केवळ सवयीने घेतले जात. त्यांना गणिताची शिस्त लावता येते आणि ती लावली की नवे यंत्र न घेता, एकही माणूस न वाढवता उत्पादन वाढू शकते, ही गोष्ट आज व्यवस्थापनाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. ऑपरेशन्स रिसर्च या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्याशाखेचा उगम पाठ्यपुस्तके साधारणतः दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रडार केंद्रांपाशी आणि युद्धोत्तर अमेरिकी हवाई दलाच्या कचेऱ्यांत दाखवतात. ते खोटे नाही. मात्र तिच्यातील सर्वाधिक वापरले जाणारे तंत्र, म्हणजे लिनियर प्रोग्रॅमिंग, त्याआधीच स्टालिनच्या लेनिनग्राडमध्ये एका २६ वर्षांच्या गणितज्ञाने प्लायवुडच्या कारखान्यांसाठी शोधून काढले होते. त्याचे नाव लिओनिद वितालियेविच कान्तोरोविच. त्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते ३७ वर्षांनी. मधल्या काळातील निदान पंधरा वर्षे तरी त्या शोधाबद्दल फारसे न बोलणेच त्यांच्या हिताचे होते.

कान्तोरोविच यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. मुलगा पाच वर्षांचा असताना क्रांती झाली, मागोमाग यादवी युद्ध पेटले आणि कुटुंबाने जवळजवळ वर्षभर बेलारूसमध्ये आश्रय घेतला. १९२२ मध्ये वडील वारले. पुढे आईनेच मुलांना वाढवले. लिओनिदची बुद्धी मात्र परिस्थितीची वाट पाहत थांबणारी नव्हती. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९२६ मध्ये, त्याने लेनिनग्राड विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेश मिळवला आणि १८ व्या वर्षी तो पदवीधर होऊन बाहेर पडला. तोवर त्याच्या नावावर संच-सिद्धांतातील आणि वास्तव फलांच्या सिद्धांतातील स्वतंत्र संशोधन जमा झाले होते. १९३० मध्ये खारकोव्ह येथे भरलेल्या पहिल्या अखिल-सोव्हिएत गणित परिषदेत या कोवळ्या तरुणाने आपले निष्कर्ष मांडले. १९३४ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, ते विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक झाले. सोव्हिएत संघात रद्द झालेल्या शैक्षणिक पदव्या दुसऱ्या वर्षी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांना डॉक्टरेट प्रबंध सादर न करताच देण्यात आली.

या काळातील त्यांचे काम अमूर्त गणितातले होते. फलीय विश्लेषण ही विसाव्या शतकात बहरलेली शाखा त्यांचे खरे क्षेत्र. तिच्यात त्यांनी अभ्यासलेली क्रमबद्ध अवकाशांची एक संपूर्ण जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. असा माणूस लाकूड सोलणाऱ्या यंत्रांकडे कसा वळला, याचे उत्तर काही अंशी त्या काळात आहे. सोव्हिएत विद्वानांनी उद्योगधंद्यांना साहाय्य केले पाहिजे, अशी त्या वेळी शासनाची अपेक्षा होती. त्यामुळे कारखान्यांचे अभियंते आपल्या अडचणी घेऊन विद्यापीठाच्या दारात येत असत. १९३८ मध्ये प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतील लोक आले ते असेच.

त्यांची अडचण वरकरणी क्षुल्लक होती. लाकडाचे ओंडके सोलून त्यांचे पातळ पापुद्रे काढणारी वेगवेगळ्या क्षमतेची आठ यंत्रे आणि पाच प्रकारचे लाकूड. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग निराळा. ठरावीक प्रमाणात सर्व प्रकारचा माल हवा, आणि एकूण उत्पादन जास्तीत जास्त व्हायला हवे. तर कोणत्या यंत्रावर किती वेळ कोणते लाकूड चढवायचे?

प्रश्नाचे मर्म एका लहानशा, कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, यंत्रे दोनच आहेत आणि लाकडेही दोनच, बर्च आणि पाइन. पहिले यंत्र तासाला बर्चचे ६ किंवा पाइनचे ६ गठ्ठे सोलते. दुसरे जुने आहे. ते तासाला बर्चचे ४ पण पाइनचे २ च गठ्ठे सोलते. दोन्ही माल सारख्या संख्येने हवेत, म्हणजे हिशेब जोड्यांचा आहे, आणि पाळी सहा तासांची आहे. साधा मुकादम प्रत्येक यंत्रावर दोन्ही लाकडे अशा बेताने चढवील, की प्रत्येकाच्या जोड्या पुऱ्या व्हाव्यात. पहिल्यावर १८ जोड्या होतील, दुसऱ्यावर ८, एकूण २६. आता जुन्या यंत्राला पाइन मुळीच देऊ नये. ते सहाही तास बर्च सोलत राहिले तर २४ गठ्ठे देते. नव्या यंत्राने एक तास बर्च सोलून ६ ची भर घालावी आणि उरलेले पाच तास पाइनचे ३० गठ्ठे काढावेत. जोड्या ३० होतात. यंत्रे तीच, माणसे तीच, तास तेच. चार जोड्या केवळ विचाराने वाढल्या.

दोन यंत्रांसाठी हे बोटांवर जमते. आठ यंत्रे आणि पाच लाकडे असली की चाळीस अज्ञात राशी होतात, आणि त्यांच्या शक्य त्या सर्व मांडण्या एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर समीकरणांचे संच कोट्यवधींच्या घरात जातात. संगणक नसलेल्या जगात हा मार्ग बंदच होता. महाविद्यालयात शिकवली जाणारी कमाल-किमान मूल्ये काढण्याची कलनशास्त्राची रीत इथे निरुपयोगी होती, कारण उत्तर क्षेत्राच्या मध्यात कुठे नसून त्याच्या एखाद्या टोकदार कोपऱ्यात दडलेले असते. कान्तोरोविच यांनी सर्व कोपरे तपासण्याचा नाद सोडला आणि प्रत्येक प्रकारच्या मालाला एक गुणक चिकटवला. गुणक योग्य निवडले, तर प्रत्येक यंत्राला आपला सर्वांत फायद्याचा माल आपोआप कळतो आणि सगळ्या यंत्रांचे मिळून होणारे वाटप सर्वोत्तम ठरते. आधी अंदाजाने गुणक घ्यायचे, त्यांनुसार वाटप करायचे, कोणता माल कमी पडतो ते पाहून त्याचा गुणक वाढवायचा, आणि असे करीत उत्तराशी पोहोचायचे. या रीतीला त्यांनी निर्णायक गुणकांची पद्धत असे नाव दिले.

हे गुणक म्हणजे हिशेबाची नुसती सोय नव्हती, आणि इथूनच या कथेला गंभीर वळण लागते. वरच्या उदाहरणात बर्चचा आणि पाइनचा प्रत्येक गठ्ठा अर्ध्या जोडीच्या मोलाचा ठरतो. त्या हिशेबाने नव्या यंत्राचा एक तास तीन जोड्यांच्या मोलाचा, तर जुन्याचा दोन जोड्यांच्या. जुने यंत्र तासभर बंद पडले, तर उत्तम आखणी करूनही नेमक्या दोन जोड्या कमी होतात. ज्याला हवे त्याने आकडेमोड करून पाहावी. याचा अर्थ असा, की व्यवस्थापकाने यंत्राच्या दुरुस्तीवर किती खर्च करावा, एका खात्याचे यंत्र दुसऱ्या खात्याला द्यावे की नाही, जादा पाळी परवडते की नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या गुणकांत असतात. बाजारात न गेलेल्या, विक्रीला न ठेवलेल्या वस्तूचीही एक किंमत असते. ती कोणी ठरवीत नाही. ती टंचाईतून आणि उद्दिष्टातून निघते. पाश्चात्त्य अर्थशास्त्रात पुढे तिला छाया-किंमत म्हणू लागले.

प्रश्न सुटल्यावर कान्तोरोविच यांच्या लक्षात आले, की प्लायवुड हे केवळ निमित्त आहे. हाच सांगाडा निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळ्या वेषांत वावरत होता. मे १९३९ मध्ये त्यांनी विद्यापीठात व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी लेनिनग्राड विद्यापीठाने सत्तर पानांच्या आतबाहेरची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. उत्पादनाचे संघटन आणि नियोजन करण्याच्या गणिती पद्धती, असा तिचा विषय. यंत्रांवर कामाचे वाटप, पत्रे आणि फळ्या कापताना वाया जाणारा माल कमी करणे, एकाच कच्च्या मालातून निघणाऱ्या अनेक पदार्थांचा पुरेपूर उपयोग, इंधनाचे योग्य वाटप, उपलब्ध सामग्रीत बांधकामाचा कार्यक्रम बसवणे, शेतजमिनीवर पिकांची विभागणी, मालवाहतुकीची स्वस्तात स्वस्त आखणी, इतके विषय या छोट्या पुस्तिकेत आले आहेत. एकच गणित कारखान्यात, शेतात आणि रेल्वेत चालते, हे जगात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले होते. छपाई संख्येने थोडी, वाचणारे त्याहून थोडे. ज्या उद्योगांसाठी ती लिहिली होती त्यांनी तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली.

१९३८ हेच त्यांच्या विवाहाचेही वर्ष. पत्नी नताल्या व्यवसायाने डॉक्टर होत्या. मुलगा व मुलगी दोघेही पुढे गणिती अर्थशास्त्राकडेच वळले.

उद्योगांच्या उदासीनतेपेक्षा मोठा धोका वेगळ्याच दिशेने होता. वस्तूचे मूल्य तिच्यात ओतलेल्या श्रमातून येते, हा मार्क्सचा सिद्धांत सोव्हिएत राज्याचा अधिकृत पाया होता. कान्तोरोविच यांचे गुणक मात्र सांगत होते, की यंत्राच्या तासाला, सुपीक जमिनीच्या तुकड्याला, रेल्वेच्या गजबजलेल्या मार्गाला स्वतःची किंमत असते आणि ती न मोजल्यास त्यांची उधळपट्टी होते. हे विधान उच्चारायला तो काळ मोठा वाईट होता. अर्थव्यवस्थेतील दीर्घ लाटांच्या सिद्धांतासाठी आज जगभर ओळखले जाणारे अर्थशास्त्रज्ञ निकोलाय कोन्द्रात्येव्ह यांना १९३८ मध्येच गोळ्या घालण्यात आल्या होत्या. १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली, म्हणून ती घेणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांचेही बळी गेले होते. कान्तोरोविच यांनी पुस्तिकेत किमतीचा शब्द टाळून गुणक हा निरुपद्रवी गणिती शब्द वापरला, तो उगाच नव्हे. हेच गणित भांडवलदारी देशांत वापरता येणार नाही, तिथे प्रत्येकजण आपापल्या नफ्यापुरता पाहतो. संपूर्ण उद्योगाचा एकत्र विचार करणाऱ्या समाजवादी व्यवस्थेतच त्याला वाव आहे, अशी मांडणीही त्यांनी केली. ती केवळ ढाल होती असे मानण्याचे कारण नाही. नियोजन चांगले व्हावे हीच त्यांची आयुष्यभराची तळमळ होती, आणि पुढे सगळे दरवाजे उघडल्यावरही ती बदलली नाही.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य लेनिनग्राडच्या वेशीपाशी आले. कान्तोरोविच नौदलाच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवत होते; ते विद्यालय यारोस्लाव्ह्ल येथे हलवण्यात आले. त्या धामधुमीत, १९४२ मध्ये, त्यांनी दोन गोष्टी लिहून काढल्या. एक होता वस्तुमानाच्या स्थलांतरावरचा अवघ्या काही पानांचा निबंध. मातीचे ढिगारे कमीत कमी श्रमात एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे न्यावेत, हा प्रश्न गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने १७८१ मध्ये उपस्थित केला होता. कान्तोरोविच यांच्या निबंधाने त्याला नवी बैठक मिळाली, आणि त्यातून वाढलेली शाखा आज हवामानशास्त्रापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत वापरली जाते.

दुसरे लेखन अधिक जोखमीचे होते. संपूर्ण देशाच्या साधनसंपत्तीचा सर्वोत्तम विनियोग कसा करावा, यावरचे ते पुस्तक होते. एका ट्रस्टच्या आठ यंत्रांना लावलेला हिशेब त्यात सगळ्या राष्ट्राला लावला होता, आणि गुणकांना आता वस्तुनिष्ठपणे ठरणारी मूल्यांकने असे भारदस्त नाव दिले होते. हस्तलिखित गॉसप्लान या केंद्रीय नियोजन मंडळाकडे गेले. तिथे चर्चा झाली, आणि ती प्रतिकूल झाली. सर्वोत्तमाची भाषा करणारा आणखी एक अर्थशास्त्रज्ञ म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीने गौरवलेला इटालियन पारेतो, असे नाते एका टीकाकाराने जोडून दाखवले. युद्ध चालू असताना फॅसिस्टांशी जोडलेल्या अशा नात्याचा अर्थ काय होतो, हे त्या पिढीतील कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. पुस्तक बासनात गेले. ते छापले गेले १९५९ मध्ये.

वस्तुतः त्या दिवसांत देशाला अशा हिशेबाची कधी नव्हे इतकी गरज होती. कोळसा, पोलाद, डबे, माणसे, सगळ्यांचीच टंचाई. गॉसप्लानचे अधिकारी बुद्धीने कमी होते असेही नाही. परंतु ज्या यंत्रणेत वरून आलेला आकडा पुरा करणे हेच यश, तिथे तो आकडा मुळात योग्य आहे का, असे विचारणारे शास्त्र कोणालाच नको असते.

कान्तोरोविच गप्प बसले, म्हणजे अर्थशास्त्राबाबत गप्प बसले. गणितात ते झपाट्याने पुढे गेले. फलीय विश्लेषणाचा उपयोजित गणिताशी सांधा जुळवणाऱ्या त्यांच्या १९४८ च्या निबंधाबद्दल त्यांना पुढच्या वर्षी स्टालिन पारितोषिक मिळाले; समीकरणे सोडवण्याच्या न्यूटनच्या रीतीला त्यांनी दिलेले व्यापक रूप आजही त्या दोघांच्या जोडनावाने शिकवले जाते. त्याच सुमारास अणुप्रकल्पासाठी लागणाऱ्या अवाढव्य आकडेमोडीतही त्यांना गुंतवण्यात आले. सरकारला त्यांचे गणित हवे होते. त्या गणिताने दाखवलेल्या किमती मात्र नको होत्या.

लहान प्रमाणावर काम करायला हरकत नव्हती. १९४८ पासून त्यांनी आणि भूमितिज्ञ व्हिक्टर झाल्गालर यांनी लेनिनग्राडच्या येगोरोव्ह रेल्वे-डबे कारखान्यात पत्रे कापण्याचा प्रश्न हाती घेतला. ठरावीक मापाच्या पत्र्यांतून निरनिराळ्या आकारांचे तुकडे कमीत कमी कातरणीत कसे काढावेत, हा शिंप्याचाच प्रश्न, फक्त कापडाऐवजी लोखंड. हिशेब बसला, कातरण घटली, पत्र्याची बचत झाली. आणि कारखाना अडचणीत आला. त्याच्या वार्षिक उद्दिष्टांत पोलादाच्या भट्ट्यांना भंगार पुरवण्याचेही उद्दिष्ट होते, आणि कातरणच उरेना म्हणून ते पुरे होईना! शहाणपणाने काम केल्याबद्दल दोषी ठरण्याची पाळी आलेल्या या कारखान्याची सुटका अखेर वरच्या हस्तक्षेपाने झाली. या कामावरचे दोघांचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. कान्तोरोविच यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यांत बोलका म्हणावा लागेल. गणिताने व्यवस्थापकाला उत्तम निर्णय दाखवून दिला, पण त्या व्यवस्थापकाला ज्या मापाने मोजले जात होते, ते माप त्या निर्णयाच्या विरुद्ध होते.

इकडे हे चालू असताना अटलांटिकपलीकडे तेच गणित दुसऱ्यांदा जन्माला आले. मूळचे डच असलेले अर्थशास्त्रज्ञ त्यालिंग कूपमन्स युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या वाहतुकीचा हिशेब पाहत होते; रिकाम्या जहाजांची ये-जा कमी कशी करावी, या प्रश्नातून ते त्याच सांगाड्यापाशी येऊन पोहोचले. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना सिम्प्लेक्स ही रीत शोधली. ती टोकदार कोपऱ्यांवरून पायरीपायरीने उत्तराकडे नेते, आणि नुकत्याच अवतरलेल्या संगणकाला ती फारच मानवली. तेल शुद्धीकरण कारखान्यांनी विमानाच्या इंधनाचे मिश्रण ठरवण्यासाठी ती १९५० च्या दशकारंभीच हाती घेतली. मागोमाग इतर उद्योग आले. तिथल्या व्यवस्थापकाला भंगाराचा कोटा नव्हता. वाचलेला डॉलर ताळेबंदात दिसत होता. पुस्तिकेतले भाकीत असे उलटले. ज्या भांडवलदारी देशांत या गणिताला वाव नाही असे कान्तोरोविच यांनी लिहिले होते, तिथेच एकेका कंपनीच्या चार भिंतींआड ते रुजले.

स्टालिनच्या मृत्यूनंतर बर्फ वितळू लागला. १९५६ मध्ये कूपमन्स यांना लेनिनग्राडच्या त्या जुन्या कामाचा सुगावा लागला आणि त्यांनी कान्तोरोविच यांना पत्र लिहिले. १९३९ ची पुस्तिका इंग्रजीत भाषांतरित होऊन १९६० मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आली. एकवीस वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचून तिकडील अनेक जाणकार थक्क झाले. अग्रक्रमाचा वादही झाला. रशियन पद्धत उत्तरापर्यंत हमखास नेणारी, पायरीबंद रीत नव्हती, असा आक्षेप काही अमेरिकी तज्ज्ञांनी घेतला, आणि त्यात तथ्य आहे. सिम्प्लेक्सची यांत्रिक सफाई तिच्यात नाही. परंतु प्रश्नांची ही जात ओळखणे, ती इतक्या धंद्यांत दाखवून देणे आणि तिच्या पोटातल्या किमती बाहेर काढणे या तिन्ही गोष्टींत कान्तोरोविच पहिले होते. स्वतः डँट्झिग यांनी आपल्या १९६३ च्या ग्रंथात त्यांचे श्रेय मोकळ्या मनाने दिले आहे.

मायदेशी १९५९ मध्ये ते बासनातले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जुन्या अर्थपंडितांनी पुन्हा शस्त्रे परजली. या वेळी मात्र पाठीशी माणसे होती. संख्याशास्त्रज्ञ वासिली नेमचिनोव्ह यांनी आपले वजन खर्ची घातले. लेनिनग्राडचे अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर नोव्होझिलोव्ह स्वतंत्रपणे त्याच दिशेने आले होते. अर्थशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी लेनिनग्राड विद्यापीठात गणिताचे एक जादा, सहावे वर्ष सुरू करण्यात आले. १९६० च्या सुमारास कान्तोरोविच सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे नव्याने वसलेल्या विज्ञाननगरीत गेले आणि तिथल्या गणित संस्थेत गणिती अर्थशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला. १९६४ मध्ये ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. पुढच्या वर्षी नेमचिनोव्ह आणि नोव्होझिलोव्ह यांच्यासह त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले; नेमचिनोव्ह यांना तो सन्मान मृत्यूनंतर लाभला.

या काळातील एक काम सामान्य नागरिकाच्या थेट खिशाशी संबंधित होते. सोव्हिएत शहरांत टॅक्सीचे भाडे केवळ किलोमीटरवर आकारले जाई. जवळचे भाडे चालकांना परवडत नसे, कारण गिऱ्हाईक शोधण्यात गेलेला वेळ त्यातून वसूल होत नसे. आणि लांबच्या भाड्याला गिऱ्हाईक मिळत नसे. गाड्या उभ्या आणि माणसे पायी, अशी दोन्हीकडून गैरसोय. कान्तोरोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमान रचून सुचवले, की गाडीत बसल्याबरोबर एक ठरावीक आकार घ्यावा आणि किलोमीटरचा दर उतरवावा. १९६१ मध्ये तसा बदल झाला. अंदाज केला होता त्याप्रमाणे जवळचे प्रवासी वाढले आणि गाड्या रिकाम्या फिरणे कमी झाले. आज मीटरच्या सुरुवातीच्या आकड्याकडे कोणी दोनदा पाहतही नाही. पण चालकाचा वेळ आणि गाडीचे धावणे या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या किमती निरनिराळ्या असाव्यात, हा तोच प्लायवुडचा धडा होता.

१९७१ मध्ये ते मॉस्कोला आले. राष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत त्यांनी काम सुरू केले. तिथे येणारे विद्यार्थी म्हणजे मंत्रालयांचे आणि मोठ्या उद्योगांचे कर्तेधर्ते अधिकारी. पूर्वी त्यांच्या गणितापासून दूर राहणारी माणसे आता समोर बसत होती. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कान्तोरोविच आणि कूपमन्स यांना विभागून जाहीर झाले; साधनांच्या सर्वोत्तम वाटपाच्या सिद्धांतातील कामगिरी हे त्याचे कारण. सोव्हिएत संघातील अर्थशास्त्रज्ञाला मिळालेले हे एकमेव नोबेल. त्याच वर्षी शांततेचे नोबेल आंद्रेई साखारोव्ह यांना मिळाले आणि त्यांना देशाबाहेर जाऊ देण्यात आले नाही. कान्तोरोविच यांना मात्र स्टॉकहोमला जाता आले. डँट्झिग यांचे नाव पारितोषिकात नसल्याची खंत कूपमन्स यांना इतकी लागून राहिली, की त्यांनी आपल्या रकमेतील काही भाग ऑस्ट्रियातील एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेला देऊन टाकला.

डिसेंबर १९७५ मधील नोबेल व्याख्यानात कान्तोरोविच यांनी यशाबरोबर अडचणींचाही पाढा वाचला. गणिताला जी माहिती लागते ती खालून खरी वर येत नाही, आणि हिशेबाने काढलेला निर्णय राबवणाऱ्याला त्यात लाभ दिसला नाही तर तो कागदावरच राहतो, या दोन अडचणी त्यांतल्या मुख्य. पोलादाच्या मागण्यांचे गिरण्यांवर वाटप करण्यासारख्या कामांत त्यांची गणिते प्रत्यक्ष वापरली गेली. पण संपूर्ण अर्थव्यवस्था या मूल्यांकनांवर चालवण्याचे त्यांचे स्वप्न कधीच साकार झाले नाही. कोट्यवधी वस्तूंच्या हिशेबाला त्या काळचे संगणक पुरे पडले नसते, हे खरेच. परंतु संगणक पुरे पडले असते, तरी येगोरोव्ह कारखान्यातला प्रश्न शिल्लकच राहिला असता. ज्या व्यवस्थापकाला पुढच्या वर्षी आपले उद्दिष्ट वाढेल ही धास्ती असते, तो आपल्या यंत्राचा खरा वेग कोणत्याही गणितज्ञाला सांगत नाही.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत या गणिताने आणखी दोन मोठ्या झेपा घेतल्या. कितीही मोठा प्रश्न आला तरी आकडेमोड आवाक्यात ठेवणारी रीत असू शकते, हे लिओनिद खाचियान या मॉस्कोतील तरुण गणितज्ञाने १९७९ मध्ये सिद्ध केले. मात्र व्यवहारात ती संथ ठरली. १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे, मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी कोपऱ्यांवरून न फिरता क्षेत्राच्या आतून वाट काढीत उत्तराकडे जाणारी, सिद्धांतात आणि व्यवहारात दोन्हीकडे वेगवान अशी रीत मांडली. या मराठी गणितज्ञाच्या शोधाची वार्ता तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली होती. विमानांच्या वेळापत्रकांपासून दूरध्वनीच्या जाळ्यांपर्यंत पसरलेल्या प्रचंड हिशेबांना त्यामुळे नवा मार्ग मिळाला.

कान्तोरोविच यांचे निधन ७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्कोत झाले. तेथील नोव्होदेविची स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. आर्थिक फेररचनेची भाषा तेव्हा क्रेमलिनमध्ये नुकतीच सुरू झाली होती. मॉस्को गणित मंडळापुढे आपल्या वैज्ञानिक वाटचालीविषयी एक निवेदन करण्याची त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी मजकूरही तयार केला होता. ते निवेदन करण्याचे राहून गेले. मजकूर त्यांच्या पश्चात, १९८७ मध्ये, एका गणिती नियतकालिकात छापून आला.